वेशीच्या दगडाला हात

शालन,

आज तुझा दहावा. भीमेच्या काठावर आता सगळे जमले असतील. तुझे मालक आप्पा टोपी हातात धरून बसले असतील, तुझी लेक मंगल पाण्याकडं बघायचं टाळत असेल, आणि कुणीतरी पुढारी माइक सोडत नसेल. दहाव्याला भाषणं ठोकणाऱ्यांचा तुला भारी राग. "मेलेल्याचं नाव एकदा, आन् सोताचं धा येळा," म्हणायचीस. मी तिथं असते तर तुझ्या वतीनं एकाला तरी खाली बसवलं असतं. पण मी इथं जर्मनीत, पोराच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीसमोर उभी आहे.

इथं मोठ्यानं रडायचीही सोय नाही. भिंती पातळ आणि शेजारी शांततेचे भोक्ते. रविवारी मिक्सर लावायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, असा इथला रिवाज. सुमेधनं आल्या आल्या बजावून ठेवलं होतं, म्हणून चटणी मी शनिवारीच वाटून ठेवते. हंबरडा कोणत्या वारी फोडायचा ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. आपल्याकडं बाया येतात, गळ्यात पडतात, गेलेलीचे गुण-अवगुण काढून रडतात, चहा पितात, पुन्हा रडतात. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पाणी वाया चाललंय हे लक्षात आलं आणि तेही लवकर आवरलं. मास्तरकीची सवय मेल्यावरच जाणार.

या घराचं दार लबाड आहे. आपण बाहेर गेलो आणि ते मागून लागलं, की किल्लीशिवाय उघडत नाही. पहिल्याच आठवड्यात मी कचरा टाकायला म्हणून चपला घालून बाहेर गेले आणि जिन्यातच अडकले. आत बाळ झोपलेलं, सूनबाई अंघोळीला. तुला फोनवर सांगितलं तर तू खो खो हसलीस. "विमे, अगं तुला कोंडलीया का काय पोरानं?" मीही हसले. तेव्हापासून किल्ली गळ्यात अडकवून फिरते. फिरते म्हणजे काय, या खोलीतून त्या खोलीत. भाषा येत नाही, रस्ते कळत नाहीत. सुमेध आणि अश्विनी कामाला गेले की मी, बाळ आणि समोरच्या खिडकीत बसणारं एक मांजर. परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं. अश्विनी नुकतीच पुन्हा कामावर जायला लागलीय, बाळाला पाळणाघरात जागा मिळायची आहे. मी निघते म्हटलं तर कुणी अडवणार नाही, पण सगळं अडेल. त्यामुळं मी म्हणतच नाही.

तुझं माझं जमलं कसं, हे लोकांना कोडं होतं. तू गावातल्या बागायतदाराच्या घरची सून. मी वेशीबाहेरच्या ओढ्याकाठची, बौद्धवस्तीतली. एका शाळेत आपण दोघीच बायका, बाकी सगळे गुरुजी, एवढं एक कारण पुरेसं नव्हतं. मी पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्या सासूबाईंनी मला कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो कप त्यांनी वेगळा ठेवलेला, हे मला फडताळाकडं बघूनच कळलं. पुढच्या वेळी आले तर तो कप तुझ्या हातात. त्याच्या पुढच्या वेळीही. सासूबाई बघत राहिल्या आणि तू फुर्र फुर्र करून त्यातूनच चहा पीत राहिलीस. त्या कपाबद्दल आपण उभ्या जन्मात एक शब्द बोललो नाही. मी आभार मानले नाहीत, कारण आभार मानायची ती गोष्टच नव्हती. पण विसरलेही नाही. हे तुला आता सांगते, म्हणजे बघ किती उशिरा.

आणि कप एक झाला म्हणून भांडण मिटलं असं थोडंच आहे?

भांडण होतं गावफेरीवरून. चौथीच्या पोरांना इतिहास शिकवायचा तर पुस्तक मिटून गाव दाखवायचं, ही तुझी रीत. वर्षातून एकदा पोरांची रांग घेऊन तू निघायचीस. सुरुवात वेशीपासून. वेशीच्या डाव्या अंगाला तो गुळगुळीत झालेला मोठा दगड आहे ना, त्याला प्रत्येक पोरानं हात लावायचा, आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मगच आत जायचं. मग वीरगळ, चावडी, बारव, शेवटी नदीचा घाट. पोरं घाटावर बसून पोहे खायची आणि तू त्यांना भीमा कुठून येते ते सांगायचीस. तालुक्यात असं शिकवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. शिरूरला प्रशिक्षणात मी हे सगळ्यांपुढं बोलले होते, फक्त तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तोंडावर आपलं एकच चालायचं.

"शालन, माझ्या वस्तीतली पोरं सकाळी घरनं निघून तुझ्या वेशीपाशी येत्यात, आन् तू त्यांना म्हणतीस, हितनं गाव सुरू होतं. मग ती आली कुठनं? रानातनं?"

"आता कुठं राह्यलंय तसलं, विमल?"

"न्हाई ना राह्यलं? मग आमच्याकडनं सुरू करायला काय हरकत हाय?"

"अगं, वेस म्हंजी गावाचं तोंड. तोंडाकडनंच सुरू करत्यात."

"तोंड तुमच्याकडं, आन् पाय आमच्याकडं. चालायचं तर पायानंच हाय न्हवं?"

मग तू डब्याचं झाकण आपटून लावायचीस आणि मी खडू घेऊन वर्गावर जायचे. दुसऱ्या दिवशी तुझ्या डब्यात माझ्या आवडीचं भरीत. पुढच्या वर्षी पुन्हा वेशीपासून सुरुवात.

एक गोष्ट तू कधी बोलून दाखवली नाहीस, पण पाहिली होतीस. पोरं दगडाला हात लावायची, तूही लावायचीस, आणि मी रांगेच्या शेवटी पदर सावरत उभी असायचे. मी कधीच हात लावला नाही. माझी आजी त्या वेशीतून पायातलं हातात घेऊन जायची. दगडाचा काय दोष, हे मलाही कळतं, मीही शिकवलीत चार बुकं. पण हात उठायचा नाही. एरवी तर मी वेशीतून यायचेही टाळायचे; ओढ्याकडून लांबच्या वाटेनं शाळेत यायचे. पावसाळ्यात चिखलानं साडी भरायची. तू बादलीतलं पाणी पुढं करायचीस आणि काही विचारायची नाहीस.

दोघी निवृत्त झालो. मग शाळेत नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी आपल्या दोघींना बोलावून गावफेरी पुन्हा सुरू करा म्हटलं. तुझ्या अंगात वारं शिरलं. मी मात्र इकडं यायला निघालेले. "जा, नातवाचं कर. तू आल्याबिगर मी सुरू करीत न्हाई," म्हणालीस. "आन् कुठनं सुरू करायचं ते तू आल्यावर ठरवू." मला सोडायला केडगाव स्टेशनपर्यंत आलीस. रिक्षात चिवड्याची पिशवी विसरलीस म्हणून मागं पळालीस आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून आत टाकलीस. तेव्हा माझ्याकडं तुझी पाठच जास्त होती.

शेवटचा फोन गुरुवारी झाला. मी सांगितलं की सुमेध रविवारी एक जुनं गाव दाखवायला नेणार आहे, तीन नद्यांच्या संगमावरचं. तू एकदम शाळेतली बाईच झालीस. "वेस हाय का बघ तिथं. असंल तर फोटू काढ." मग म्हणालीस, "आन् ऐक. वेशीभाईर कोण ऱ्हायचं, ते बी इचार."

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा हे विचारलंस. बोलायचं होतं खूप. तेवढ्यात बाळ उठलं आणि मी म्हटलं, "ठेव आता, रडतंय." बस्स. एवढंच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

आता तो रविवार.

सकाळी मी थालीपिठं बांधून घेतली, पायात बूट चढवले, तुला आवडायची ती निळी सुती साडी नेसले. दारात अश्विनी एकदम गळ्यात पडली. मी मनात म्हटलं, सूनबाईला इथल्या लोकांची सवय लागली, जाता-येता मिठ्या मारते. सुमेधचे डोळे लाल होते. झोप झाली नाही म्हणाला. बाळानं झोपू दिलं नसेल, असं मी धरून चालले. इतक्या दिवसांनी मला त्या दारातून बाहेर काढत होते, मला दुसरं काही दिसतच नव्हतं. शाळेची सहल निघाल्यावर पोरं करतात तसं मी गाडीत खिडकीपाशी बसले.

आणि सुमेध मला खायला घालत सुटला. स्टेशनवर गरम पाव. गाडीत थालीपीठ, "अजून एक घे, आई." उतरल्यावर कॉफी आणि केक. मी म्हटलं, "अरे, मला काय कापायला नेतोयस का?" तो हसला नाही. खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. पोराला विनोद कळेनासा झाला, एवढंच मला वाटलं.

गावाचं नाव तुला उच्चारता आलं नसतं, मलाही येत नाही. पण गाव बघून तू वेडी झाली असतीस. तीन नद्या तीन रंगांच्या. एक हिरवी, एक मातकट, एक कोऱ्या चहासारखी काळी. काळी म्हणजे घाण नव्हे. रानातल्या दलदलीतून येते म्हणून काळी. मला आपला संगम आठवला. मुळा-मुठा भीमेत शिरते तिथं उभी राहून तू पोरांना म्हणायचीस, "ह्ये काळं पाणी म्हंजी पुण्याची आंघोळ." तिथल्या टोकावर बाकं आहेत. सुमेधनं आइस्क्रीम आणून दिलं आणि मी नद्यांकडं बघत ते चाटून चाटून खाल्लं. म्हटलं, "व्हिडिओ काढ, मावशीला पाठवायचाय." तुला तो शाळेत बाई म्हणायचा आणि शाळेबाहेर मावशी. त्यानं फोन धरला. मी हात हलवून सांगितलं, "शालन, बघ गं, एक सोडून तीन. तुझी भीमा कुठंच लागत न्हाई." आणि हसले.

मंगल सासरहून येईपर्यंत तुला थांबवलं होतं. दुपारी नेली. मी नंतर हिशोब लावला. मी आइस्क्रीम खात होते त्याच वेळी घाटावर तुझी माती झाली.

मग वेस सापडली. खरीखुरी दगडी, कमानीची, गावाच्या भिंतीत. मला तर पायांत स्प्रिंग बसवल्यासारखं झालं. सुमेधला म्हटलं, काढ आता नीट. मी कमानीच्या डाव्या अंगाला गेले, एक बरासा दगड बघितला आणि त्याच्यावर तळवा ठेवला. मोठ्यानं नाव सांगितलं, पोरं सांगतात तसं. मग फोनकडं बघून म्हटलं, "लावला बघ हात. इथल्या दगडाशी माझं भांडण न्हाई." तू हे बघून चिडशील, मग हसशील, मग फोन करून शिव्या घालशील, असा माझा अंदाज. मी सुमेधला झापलं, "सरळ धर की रे, भूकंप झाल्यासारखा काय हलवतोस!"

तुझं काम बाकी होतं, वेशीबाहेरचं. भिंतीच्या बाहेर, नदीच्या सखल अंगाला ठेंगणी घरं होती. एका घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा आखलेल्या, काही माझ्या डोक्याच्याही वर. तिथल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पांढरे आखूड केस, हातात काठी. मी सुमेधला म्हटलं, "विचार त्यांना, इथं जुन्या काळी कोण राहायचं." त्यानं विचारलं. ती बोलत गेली आणि तो मला सांगत गेला. इथं कातडी कमावणारे राहायचे. त्यांना वास येतो म्हणून भिंतीबाहेर ठेवलेलं. फाशी देणाराही इथलाच. त्याच्या हातचं काम गावाला लागायचं, पण त्याच्या शेजारी देवळात कुणी बसायचं नाही. आणि पूर आला की आधी यांच्या घरात. मोठमोठ्या इमारतींवरच्या रेघा लोक येऊन बघतात, इकडं कुणी येत नाही, असं ती म्हणाली.

मला तिचा हात धरावासा वाटला. आपल्या ओढ्याला पाणी चढायचं तेव्हा आमची भांडी तरंगायची आणि वेशीच्या आतल्यांना सकाळी चावडीवर कळायचं. मी मनात तुझ्यासाठी वाक्य जुळवत होते: बघ शालन, जगात सगळीकडं हेच, आता तरी माझ्याकडनं सुरू कर.

तेवढ्यात त्या म्हातारीनं सुमेधकडं निरखून पाहिलं आणि त्याला काहीतरी विचारलं. तो थांबला. मग हळू आवाजात चार शब्द बोलला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मीही मान हलवली, काही न कळता. "काय म्हणाल्या रे?" "काही नाही, ऊन लागतंय का विचारत होत्या." मी म्हटलं, भली बाई आहे.

परतीच्या गाडीत उन्हं अजून होती. मी खूश होते. दमले होते, पण कितीतरी दिवसांनी कुठंतरी जाऊन आल्यासारखं वाटत होतं. डबा उघडला तर दोन थालीपिठं उरलेली. त्याच्यापुढं केली. नको म्हणाला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की पोरानं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मी आपल्या बोलण्याच्या पद्धतीनं बोलून गेले, "सकाळपासून तोंडात काही न्हाई. कोण मेलंय का काय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड लहानपणी रडायला यायचं तेव्हा व्हायचं तसं झालं. आणि मला कळलं. कोण, ते नाही कळलं. पण कळलं.

"शालनमावशी," तो म्हणाला. "आई, पहाटेच गेली."

आदल्या संध्याकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. दौंडला नेलं. उजाडता उजाडता तू गेलीस. आप्पांनी सुमेधला फोन केला, मला नाही. आणि सुमेधला म्हणाले, त्या जेवल्याबिगर सांगू नगं. आपली रीत. घरी निरोप घेऊन आलेला माणूससुद्धा आधी चुलीकडं बघतो, ताटं झाली का विचारतो, मग तोंड उघडतो. एकदा कळलं की घास जाणार नाही, म्हणून. माझ्या पोरानं ती रीत जर्मनीत पाळली. नाश्ता झाला की सांगू, कॉफी झाली की सांगू, जेवल्यावर सांगू. प्रत्येक वेळी मी हसताना दिसले आणि त्याचा धीर झाला नाही. मग पुन्हा काहीतरी खायला आणलं.

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. घर एवढंसं, स्वयंपाकघर एकच, आणि त्यात आम्ही माय-लेक एकमेकांच्या बाजूनं मांजरासारखे जात होतो. राग कशाचा आला सांगू? तुझं मरण लपवलं याचा नाही. आपल्याकडं लपवतातच. राग याचा आला की त्या गावात तुझ्या जाण्याची बातमी माझ्याआधी एका परक्या म्हातारीला कळली. त्यानं तिला ते चार शब्द सांगितले, तिनं त्याचा हात धरला, आणि मी मधे उभी राहून पुराच्या रेघा मोजत होते. तुझी मैत्रीण मी, आणि दिवसभर हसणारीही मीच. आजही डोळे मिटले की मी त्याच दिवसात असते. संगमावर, वेशीत, बाकापाशी. तिथून बाहेर पडायला दार सापडत नाही. सापडलं तरी ते या घराच्या दारासारखं, मागून लागणारं.

काल आप्पांना फोन लावला. त्यांचा आवाज खोल गेलाय. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "पोरावर रागावू नगा, विमलबाई. म्याच सांगितलं व्हतं त्याला. ती असती तर तिनं बी ह्येच सांगितलं असतं."

"आप्पा, ती असती तर तिनं मला उपाशीपोटी सांगितलं असतं," मी म्हटलं.

आप्पा म्हणाले, "व्हय. ती तसलीच."

आणि मग आम्ही दोघं हसलो, शालन. तू गेल्यावर पहिल्यांदा. आप्पा हसता हसता खोकले, खोकता खोकता रडले. रडणं आवरल्यावर त्यांनी मला एक सांगितलं, अगदी सहज, ते ऐकून माझं काय होईल याची त्यांना कल्पना नसताना.

"तिला दौंडावनं आणली, तर वेशीत पाइपलाइनचं खणून ठिवलंय. गाडी आत यीना. मग वळसा घातला आन् तुमच्या बाजूनं आणली. ओढ्यावरनं. तुमच्या विहारापाशी बायांनी गाडी थांबिवली. म्हनल्या, आमच्या बाईंना बघू द्या. दार उघडलं. एकेकीनं हात लावला, फुलं वाह्यली. म्हाताऱ्या बाया तर गाडीसंगं घरापतुर चालत आल्या. माणसं म्हनली, उशीर व्हतोय. म्या म्हनलो, हू दे."

मी फोन ठेवला आणि भरताची वांगी भाजायला घेतली. मग संध्याकाळी सुमेध आला तेव्हा त्याला ताट वाढलं. भाकरी, भरीत, शनिवारची चटणी. तो खाईपर्यंत समोर बसले. शेवटचा घास गेल्यावर म्हटलं, "आता ते व्हिडिओ लाव." दोघांनी बसून बघितले. वेशीतला व्हिडिओ फार हलतो. मी सारखी ओरडताना ऐकू येते, सरळ धर, सरळ धर. मी त्याचा हात धरला. तुझ्या वर्गात आठचा पाढा म्हणताना अडखळायचा तसाच अडखळला. म्हणाला, "मला वाटलं, तेवढा एक दिवस तरी मावशी तुझ्यासाठी जिवंत राहील." त्या पोराला चौथीत तू शिकवलंयस. तुझ्यासाठी कुणी एवढं केलं नसेल, आणि ते त्यानं एकट्यानं, उपाशीपोटी केलं.

आत्ताच मंगलचा निरोप आला. कावळा लगेच शिवला म्हणे. तुला माहीतच आहे, मी असलं काही मानत नाही. पण कळल्यावर मनात आलंच, की तुझा जीव कशात अडकला नव्हता. अडकलेली आहे ती मी.

दिवाळीच्या आधी येते. हेडमास्तरांना कळवते, गावफेरी थांबवू नका, पोरांची रांग ओढ्याकडून, विहारापासून काढा. ते आता माझं म्हणणं राहिलं नाही, तूच तशी आलीस. आयुष्यभर नाही म्हणालीस आणि शेवटी मला न विचारता, मी इथं कोंडलेली असताना, आमच्या बाजूनं गावात शिरलीस. आमच्या बायांनी तुला हात लावला. आता मला वेशीतून यावं लागणार आणि त्या दगडाला हात लावून नाव सांगावं लागणार. तू तिथं ऐकायला नसताना.

हे काही बरं केलं नाहीस, शालन.

तुझी,
विमल